दादा, त्या रात्री तुम्ही फोन ठेवला नाहीत

दादा, नमस्कार.

लातूरहून लिहितोय. दहा दिवस झाले, तरी तुमचं पहिलं वाक्य कानातून जात नाही: "जेवलात का?"

रात्रीचे साडेअकरा. दालमिलच्या फाटकाबाहेर तुरीच्या गाड्यांची रांग, वजनकाट्याचं सॉफ्टवेअर घडीघडी बंद पडतंय आणि लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या नोंदवहीत, एक ओळ सापडत नाही. ज्यांनी ते बसवलं त्यांना चार दिवस फोन लावत होतो. उत्तर ठरलेलं: "लॉग कोरा आहे, म्हणजे आमच्याकडून सगळं ठीक आहे. सर्व्हर बदला." वर्षाचे पैसे मोजून घेतले, पण आत एकदा डोकावून बघितलं नाही. मालकांसमोर मान खाली घालून उभं राहायची वेळ आली. माझंच काही चुकतंय, असं मलाही वाटायला लागलं होतं.

मी "नाही" म्हटलं, तर तुम्ही म्हणालात, "आधी दोन घास खा. फोन ठेवू नका, मी आहे."

डब्यातली भाकरी कडक झाली होती. शेंगाच्या चटणीसोबत तीच खाल्ली. टेबलावर फोन चालू, पलीकडून तुमच्या पंख्याची घरघर. पंधरा मिनिटं तुम्ही तसेच बसलात, तेही तोंडओळख नसलेल्या माणसासाठी. जाणकार पुष्कळ भेटतात, दादा. समोरचा उपाशी आहे का, हे विचारणारे थोडे.

आमचा प्रोग्राम डॉकरच्या कंटेनरमध्ये, म्हणजे मुख्य मशीनपासून वेगळ्या केलेल्या बंद खोलीत चालतो. मग तुम्ही एकच विचारलंत: "कंटेनरच्या आत डेव्ह-लॉग आहे का?" डेव्ह-लॉग म्हणजे प्रोग्रामनं नोंदी टाकायची खिडकी, सॉकेट. ते आत नव्हतंच! प्रोग्राम सिसलॉगला, म्हणजे लिनक्सच्या नोंद-व्यवस्थेला, निरोप धाडत होता, पण ते घेणारं सॉकेट होस्टवर, म्हणजे मुख्य मशीनवर, नोंदी सांभाळणाऱ्या जर्नल-डीच्या हाती. डॉकर लॉग्जमध्ये येतं ते मुख्य प्रोसेसनं स्टँडर्ड आउटपुट आणि एररवर टाकलेलं, म्हणजे थेट पडद्यावर छापलेलं, बाकीचं नाही; म्हणून तो लॉग कोरा. ते सॉकेट आत जोडलं आणि होस्टच्या जर्नलमध्ये ओळींमागून ओळी यायला लागल्या. काट्याची यूएसबी केबल हलली की पोर्टचं नाव बदलत होतं आणि प्रोग्रामला काटा सापडत नव्हता, एवढंच. "तुमचं काही चुकलं नव्हतं," हे तुम्ही आपणहून म्हणालात. तेव्हा माझे डोळे भरून आले होते, फोनवर बोललो नाही.

शेवटची गाडी पावणेतीनला काट्यावरून उतरली. ड्रायव्हरनं पावती घडी करून खिशात ठेवली, तेव्हा तुम्हाला सांगावंसं वाटलं, पण तुम्ही झोपला असाल म्हणून राहिलं.

पुढच्या महिन्यात नांदेडला येतोय. डबा घेऊन येतो, भाकरी ताजी असेल.

तुमचा,
लातूरचा काटेवाला