चि. मनूस, रेडिओग्रामबद्दल

चि. मनू हिस,
अनेक आशीर्वाद.

काल फोन आधी तू ठेवलास की मी, यावर वाद नको. चोरबाजारातून आणलेला तो जुना रेडिओग्राम, म्हणजे एकाच लाकडी कॅबिनेटमधला रेडिओ नि रेकॉर्ड प्लेअर, रविवारी पाहुण्यांसमोर लावून बघणार म्हणालीस आणि माझा आवाज चढला. फोनवर नीट सांगता आलं नाही ते लिहिते. समीररावांनाही वाचायला दे.

आधी कौतुक. चोरबाजारात माणसं लाकडाची चकाकी बघून पैसे मोजतात. तू मागचा पुठ्ठा उघडायला लावलास, फोटो काढलास. त्या फोटोत मेन्स ट्रान्सफॉर्मर स्वच्छ दिसतो आणि व्हॉल्व्ह, म्हणजे आतल्या काचेच्या नळ्या, सगळे 'ई'चे आहेत: ईसीएच ८१, ईएफ ८९, ईबीसी ८१, ईएल ८४, ईझेड ८० आणि हिरव्या डोळ्याचा ईएम ८४. म्हणजे ६.३ व्होल्टची फिलामेंट, एसी सेट. 'यू'चे निघाले असते, यूसीएच ८१ नि यूवाय ८५, तर तो एसी-डीसी. त्यात शासी, म्हणजे आतला धातूचा सांगाडा, थेट मेन्सला जोडलेली असते. प्लग उलटा बसला की फेज शासीवर आणि नॉबचा स्क्रू तुझ्या बोटाला. तसला सेट आयसोलेशन ट्रान्सफॉर्मरशिवाय मी तुला उघडूच दिला नसता. अठरा हजार जास्त झाले. बोलणार नव्हते, बोलले.

तर प्लग लावायचा नाही. कारण समजून घे, म्हणजे मी घाबरट वाटणार नाही. ईबीसी ८१ च्या प्लेटपासून स्पीकर चालवणाऱ्या ईएल ८४ च्या ग्रिडकडे (करंट किती जाऊ द्यायचा ते ठरवणारी जाळी), म्हणजे दुसऱ्या पिनेकडे, ०.०१ किंवा ०.०२ मायक्रोफॅरडचा कागदी कपॅसिटर जातो. इतक्या पावसाळ्यांत त्या कागदाने ओल धरलेली असते आणि तो डीसी गळू देतो. ग्रिड पॉझिटिव्ह झाली की व्हॉल्व्ह भरमसाट करंट ओढतो. फसवणूक अशी की सुरुवातीला गाणं सुंदर वाजतं. मग प्लेट लाल होते आणि आउटपुट ट्रान्सफॉर्मरची प्रायमरी, म्हणजे व्हॉल्व्हकडची तारेची गुंडाळी, जळते. तो ट्रान्सफॉर्मर दुकानात तयार मिळणार नाही, गुंडाळून घ्यावा लागेल. म्हणून सोल्डरिंग गन हातात धरलीस की पहिला हाच कपॅसिटर बदल. ६३० व्होल्टचा पॉलिएस्टर घाल. मग बाकीचे कागदी. मायकाचे आणि सिरॅमिकचे सहसा टिकतात, त्यांना हात लावू नकोस. एका वेळी एकच काढ आणि त्या जागी लगेच नवा बसव. दहा काढून ठेवलेस तर कुठला कुठे होता ते देवालाही आठवणार नाही. ईएल ८४ ची सातवी पिन ते एचटी, म्हणजे अडीचशे व्होल्टची लाइन, ओहममध्ये मोज. काहीशे ओहम आले तर प्रायमरी शाबूत.

फिल्टरचा, म्हणजे हम (घुंघुं आवाज) घालवणाऱ्या मोठ्या कपॅसिटरचा, ॲल्युमिनियमचा डबा जागेवरच राहू दे, फक्त त्याच्या तारा सोडव आणि शासीखाली ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचे दोन बसव. लॅमिंग्टन रोडवर पार्ट घेताना कुणी म्हणेल, शंभरचे घाला, हम राहणार नाही. ऐकू नकोस. एसीचं डीसी करणाऱ्या ईझेड ८० ला पहिल्या फिल्टरवर पन्नासच्या वर चालत नाही, चालू करताना त्याच्यावर फार ताण येतो.

आणि डबा चार्ज असतो, मनू. वायर भिंतीतून काढली तरी. बाबांच्या तळहातावरचा पांढरा डाग तू लहानपणी बोटाने घासून पुसायला बघायचीस. सेट बंद होता तेव्हा. राहू दे ते. हत्यारांच्या पेटीत बाबांनीच केलेली क्लिपा लावलेली १० के, ५ वॅटची रेझिस्टन्स आहे, ती घेऊन येते. एक क्लिप शासीला, दुसरी डब्याच्या प्रत्येक टोकाला, दहा सेकंद. मग मीटरने बघ, शून्य आलं तरच हात घाल. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची नाही. सेट चालू असताना मोजायची वेळ आली तर डावा हात खिशात.

पुन्हा तेच सांगतेय, माहीत आहे. माझ्यापेक्षा तुझं गणित चांगलं आहे. पण घरात चिनू रांगतोय आणि तुमच्या त्या रेडिओग्रामचा पुठ्ठा उघडा आहे. अडीचशे व्होल्ट त्याच्या नाकासमोर. काम संपलं की प्रत्येक वेळी पुठ्ठा स्क्रूंनी लावायचा, नुसता टेकवायचा नाही.

मेन्सची जुनी वायर चुरा झाली असेल. थ्री-कोअर टाक, फेजमध्ये एक अँपिअरचा फ्यूज, आणि हा ट्रान्सफॉर्मरचा सेट असल्यामुळे शासीला अर्थ दे. मागच्या व्होल्टेज निवडायच्या टॅपिंगवर सगळ्यांत वरचा आकडा ठेव, २४० किंवा २५०. नंतर सिरीज बोर्ड, म्हणजे सेटच्या वाटेत एक बल्ब. बल्ब ६० वॅटचा, जुना तारेचाच. एलईडी चालत नाही. बल्ब आधी लख्ख पेटून मंद झाला तर ठीक. लख्खच राहिला तर बंद कर आणि मला फोन कर. स्पीकरच्या तारा सुटलेल्या असताना सेट लावायचा नाही. सगळं नीट वाटलं की बल्ब काढून मोज: ईएल ८४ च्या तिसऱ्या पिनेवर सात व्होल्टच्या आसपास, दुसऱ्या पिनेवर शून्य.

आयएफटीच्या (आतल्या ट्यूनिंगच्या गुंडाळ्यांच्या) डब्यांतले कोर आणि गँगवरचे, म्हणजे स्टेशन फिरवायच्या कपॅसिटरवरचे, ट्रिमर सैल वाटतील. ते घट्ट करायचे स्क्रू नाहीत! एक फिरवलास तरी स्टेशनं पळतील. डायलच्या काचेवरची अक्षरं आतल्या बाजूने छापलेली असतात, ओलं फडकं लागलं की कराची, कोलंबो पुसून जातील. कॅबिनेटला स्पिरिट किंवा सॅनिटायझर नको, फ्रेंच पॉलिश म्हणजे स्पिरिटात विरघळवलेली लाखच. रेकॉर्डवाल्या बाजूकडून आत्ता अपेक्षा ठेवू नकोस. सुईचं क्रिस्टल कार्ट्रिज मुंबईच्या हवेत मरतं.

आकाशवाणीची अस्मिता वाहिनी ५५८ किलोहर्ट्झवर, म्हणजे मीटरच्या पट्टीवर ५३८ च्या आसपास, काटा अगदी टोकाला नेलास की. खिडकीतून पाच-सहा मीटर वायर सोड. खरखर आली तर आधी मोबाइलचे चार्जर आणि एलईडी बंद करून बघ, सेटला दोष देऊ नकोस.

शनिवारी नऊच्या गाडीने डोंबिवलीहून निघते. दादरला कुणी यायची गरज नाही. पेटी जड आहे, तरी नाही. रविवारी पाहुण्यांना बंदच दाखव, लाकूड छान आहे.

तुझी,
आई

ता. क. जुन्या वायरचा प्लग पकडीने कापून टाक आणि कापलेला प्लग दिसेल असा फोटो आजच पाठव.