रात्रपाळीच्या सिस्टर, तुमचे आभार

बाबांचा गालाचा कॅन्सर जबड्यापर्यंत गेला होता. डॉक्टरांनी पायाचं हाड आणि कातडी घेऊन जबडा नव्याने बांधला. पण तो जगवलात तुम्ही. तुमची नावं ठाऊक नाहीत, म्हणून इथे लिहितोय.

सुरुवातीला दर तासाला बॅटरीच्या उजेडात तुम्ही तोंडातली ती कातडी बघायचात: रंग, ऊब, बोटाने दाबल्यावर परत येणारी लाली. रक्तपुरवठा अडला तर वाचवायला थोडेच तास मिळतात, हे आम्हाला तुमच्याकडूनच कळलं. गळ्याच्या नळीतला कफ ओढताना "काका, झालंच हां" म्हणायचात. पाटी दिलीत, तर बाबांनी पहिला शब्द लिहिला, 'पेज'! मग नाकातल्या नळीने गाळलेली पेज कशी द्यायची, ते आईला न कंटाळता शिकवलंत.

आता देवगडला घरी ते गुरगुट्या भात आपल्या हाताने जेवतात. सिस्टर, मनापासून आभार.