बेकर लेकच्या वाटेवर निघण्याआधी

चि. मनूस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेला तुझ्या होडीच्या वाटेचा नकाशा मोठा छापून आणला नि जेवणाच्या टेबलावर पसरला. उत्तर कॅनडातली थेलॉन नदी, मग बेव्हरली, अॅबरडीन, शुल्ट्झ ही तळी, आणि शेवटी बेकर लेक. आई विचारत होती, मधे गाव कुठलं? कितीदा बोट फिरवलं, एकही सापडलं नाही.

पाण्याबद्दल लिहायचं नाही असं ठरवलं होतं. पण शेजारच्या दुबॉन्ट नदीवरची १९५५ सालची हकीकत वाचली. आर्थर मोफॅट धरून सहा माणसं, तीन कनू, म्हणजे वल्ह्याच्या अरुंद होड्या. नवखा नव्हता तो. पण उशीर होत गेला, शिधा आटला, आणि नदीतले वेगाचे खळाळ काठावरून नीट न पाहताच होड्या घालू लागले. सप्टेंबरात दोन कनू उलटल्या. मोफॅट बुडाला नाही गं, गारठून गेला.

म्हणून सांगतो, परतीचं विमान ठरलंय म्हणून घाई करू नकोस. वारा सुटला तर तळ्याकाठी चार दिवस बसून राहा. आजोबा नारळी पौर्णिमेआधी होडी पाण्यात घालत नसत, मग घरात पैसे असोत-नसोत. प्रत्येक खळाळ उतरून बघ. त्या गार पाण्यात पडलं तर पहिलं मिनिट श्वास सावरण्यात जातं आणि पुढे जेमतेम दहा मिनिटं हात चालतात, हे तूच सांगितलंस ना?

पुन्हा तेच. रागावू नकोस, शिकवायलाच बसलो. आम्ही खाडीपलीकडे वल्हं मारलं नाही, आणि तू ९०० किलोमीटरच्या नदीवर निघालीस. कुठे सामान डोक्यावरून न्यायचं, कुठल्या दिवशी किती तांदूळ, ते तुझं कोष्टक मी अख्ख्या आळीला दाखवलं.

दाभोळला होडीतून पडलीस तेव्हा सात वर्षांची होतीस. मे महिना, पाणी कोमट. वर फक्त वेणी दिसत होती, लाल रिबीन सुटत आलेली. वेणी धरूनच ओढलं तुला. तू रडली नाहीस, "चप्पल गेली" एवढंच म्हणालीस. माझे हात मात्र रात्रभर कापत होते.

आईनं आमसुलं आणि मेतकूट धाडलंय. परवा व्हिडिओवर पाहिलं, केस बारीक कापलेस. छान दिसतात. लाइफ जॅकेटला खांद्यापाशी धरायला पट्टा असतो बघ. तो जोरात ओढून पाहा, शिवण पक्की आहे ना.

तुझा,
बाबा