डीएनए शाबूत आहे म्हणे! आरोग्यमंत्र्यांना खुले पत्र

मा. आरोग्यमंत्री महोदय,
स. न. वि. वि.

आपण कामात असता, म्हणून थोडक्यात लिहायचं ठरवलं होतं. पण संशोधन प्रकल्पाकडून आलेलं दोन ओळींचं पत्र वाचल्यापासून ते जमेनासं झालंय. डीप फ्रीझरमधील तांत्रिक बिघाडामुळे माझे नमुने आरएनए विश्लेषणास अपात्र ठरले, डीएनए सुस्थितीत आहे, कळावे. चौकशी केली तेव्हा समजलं, की फ्रीझरचा देखभाल करार संपला होता. तो संपला कारण निधीचा दुसरा हप्ता आला नाही, आणि हप्ता आला नाही कारण फाइल आपल्या खात्यात 'अभिप्रायार्थ' पडून होती. उणे ८० अंशांवर ठेवायच्या गोष्टी रात्रीतून खोलीच्या तापमानाला आल्या. अलार्म वाजला म्हणतात. ऐकायला रात्रपाळीचा माणूस नव्हता. तोही त्याच हप्त्यातून नेमायचा होता.

त्या फ्रीझरमध्ये माझे दोन तुकडे होते. एक स्तनातल्या कर्करोगाच्या पहिल्या गाठीचा. ती काढली तेव्हा कडा स्वच्छ निघाल्या, म्हणजे कापलेल्या कडेला रोग नव्हता, सगळ्यांनी अभिनंदन केलं. दुसरा यकृतातला, कारण रोग तिथे उतरला. निदानापुरते नमुने घेऊन झाल्यावर डॉक्टरांनी विचारलं, संशोधनासाठी आणखी एक सुई घालू का? मी हो म्हटलं. श्वास रोखून पडायचं, कानाशी स्प्रिंगचा खट्ट आवाज, मग उजव्या खांद्यापर्यंत चढत जाणारी कळ. ती कळ मी स्वखुशीने घेतली, साहेब. संमतीपत्रावर सही आहे. आपली सही मात्र एका कागदावर झाली नाही.

आपल्या कार्यालयात फोन केला तर एक गृहस्थ म्हणाले, "डीएनए वाचलाय ना मॅडम, मग अडचण काय?"

अडचण सांगते. डीएनए म्हणजे कायद्याचं पुस्तक. आरएनए म्हणजे त्यावरून निघणारे आदेश. आज कुठला आदेश निघाला आणि कुठला दाबून ठेवला, ते पुस्तकावरून कळत नाही. हे निदान आपल्या खात्याला तरी समजावून सांगायला नको. गाठीतल्या सगळ्याच पेशी सारख्या घातक नसतात. २००३ मध्ये मिशिगनच्या संशोधकांनी स्तनाच्या कर्करोगातून वेगळ्या काढलेल्या ठरावीक प्रकारच्या जेमतेम शंभर पेशी उंदरात टोचल्या, तर गाठ उभी राहिली. त्याच गाठीतल्या दुसऱ्या प्रकारच्या हजारो पेशी टोचूनही काही झालं नाही. या मूठभर पेशी मूळपेशींसारख्या, म्हणजे ज्यांपासून बाकीच्या पेशी घडतात तशा, वागतात. केमोतून निसटतात, गप्प बसतात, पुन्हा उगवतात. त्यांना तसं वागायला लावण्यात आरएनएच्या कारभाराचा मोठा हात आहे. लेट-७ नावाचा एक मायक्रोआरएनए, म्हणजे दुसऱ्या आदेशांना दाबून ठेवणारा इवलासा आरएनए, पेशीला वयात आणतो. या पेशींमध्ये तो जवळपास नसतोच. प्रयोगशाळेत तो परत घातला, तर त्यांची गाठ धरण्याची ताकद घटते, हे २००७ पासून माहीत आहे. लिन-२८ हे प्रथिन त्याला तयारच होऊ देत नाही. दुसरं घराणं मायक्रोआरएनए-२०० चं. ते झेब नावाच्या प्रथिनांना दाबून ठेवतं, तोवर पेशी शेजारणीला धरून असते. ते घटलं की झेब डोकं वर काढतात, पेशींना जोडून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं आणि पेशी मोकळी होऊन चालू लागते. नव्या जागी पोचली की पुन्हा पहिल्यासारखी होऊ शकते. या उलटापालटीत डीएनएचं एक अक्षरही बदलावं लागत नाही. माझी गाठ छातीतून यकृतात गेली, तेव्हा यातलं काय चालू होतं? दोन तुकडे शेजारी ठेवले असते तर काही अंदाज आला असता. आता आरएनएच्या शाबूतपणाला दहापैकी दोन गुण आहेत. निदान सात तरी लागतात म्हणे.

उंदरांवर भागेल असं कुणी सांगितलं, तर मालॅट-१ चं काय झालं ते विचारा. २००३ मध्ये रुग्णांच्या गाठींत हा लांबलचक आरएनए फुप्फुसाचा कर्करोग पसरणार असल्याची खूण ठरला. २०१८ मध्ये उंदरांतल्या स्तनाच्या कर्करोगात तोच पसरण्याला अडवतो असं दिसलं. म्हणून माणसांचे नमुने लागतात, आणि पुष्कळ लागतात. गाठीला आवर घालणाऱ्या मायक्रोआरएनए-३४ ची नक्कल करणारं औषध माणसांना देऊन पाहिलं, ती चाचणी २०१६ मध्ये थांबवावी लागली. प्रतिकारशक्ती उलटल्याने चार जण गेले. लोक या कामात जीव घालतात, आणि तुमच्याच्याने एक कपाट थंड ठेवणं होत नाही.

कर्करोगाचे नव्वद टक्के मृत्यू तो पसरल्यामुळे होतात, असं आपण भाषणात ठोकून दिलंत. नॉर्वेत मृत्यूच्या नोंदी तपासल्या तेव्हा घन गाठींसाठी, म्हणजे रक्ताचे कर्करोग सोडून, तो आकडा ६७ च्या आसपास निघाला. तोच धरू. २०२२ मध्ये जगभरात कर्करोगाने ९७ लाख माणसं गेली. म्हणजे साठ लाखांच्या घरात. माझा हिशेब ढोबळ आहे, सचिवांना तपासू द्या, त्यांना अभिप्राय द्यायची सवय आहे. एवढ्या मरणांच्या मुळाशी जी गोष्ट आहे, तिच्यासाठी तुमच्याकडे फीत कापायला वेळ असतो, वीजजोडणीला पर्याय ठेवायला नसतो. इमारत दिसते, फ्रीझर दिसत नाही. पहिला मायक्रोआरएनए १९९३ मध्ये मिलिमीटरभर लांबीच्या जंतात सापडला, त्याचं नोबेल २०२४ मध्ये मिळालं. एकतीस वर्षं! त्या जंताचा प्रस्ताव आपल्याकडे आला असता तर 'जनहित काय?' असा शेरा मारून परत गेला असता. खुर्चीवरचा माणूस बदलला तरी शेरा तोच राहतो, म्हणून तुमच्या एकट्यावर चिडण्यातही अर्थ नाही. तरी चिडले आहे.

मागणं फार नाही. थकलेला हप्ता सोडा. फ्रीझरला जनरेटर आणि रात्री माणूस द्या. नमुने नासले तर कुणी उत्तर द्यायचं, ते नावानिशी ठरवा.

प्रकल्पाने मला नव्या नमुन्याची 'ऐच्छिक' विनंती केली आहे. यकृतातला देता येईल. पहिल्या गाठीचा ताजा तुकडा आता कुठून आणू? पॅथॉलॉजीत त्या गाठीचा तुकडा बसवलेला मेणाचा ठोकळा आहे, पण त्यातला आरएनए तुकड्यातुकड्यांचा असतो, काम लंगडंच चालणार. तेही चालेल. मी सुई घालून घ्यायला तयार आहे, पण हप्ता जमा झाल्याचा कागद आधी दाखवा.

आपली,
यकृतात गाठ असलेली एक मतदार