नव्व्याण्णव मेंढरांपाशी कोण होतं?

प्रिय आई आणि बाबा,

प्रभूच्या नावात सप्रेम सलाम.

फोनवर आपण रोज बोलतो, पण बाबा "चर्चची मंडळी कशी आहे?" विचारतात, आई "जेवलास का?" विचारते, आणि तेवढ्यात माझ्या दारात कुणीतरी येतं. बोलायचं ते राहून जातं. म्हणून आज कागद घेऊन बसलो. सोमवार आहे, पाळकाचा झगा धुऊन दोरीवर टाकलाय, सोलापूरचं ऊन असं की तासाभरात वाळेल.

आधी गेल्या आठवड्यातलं सांगतो. बाबा, तुमच्यासारखीच मीही घरभेटींची वही ठेवतो. तारीख, घर, कोण आजारी, कुणाच्या मुलीचं जमत नाहीये, कुणाचं कोर्टात चाललंय. बुधवारी रात्री वही उघडली, तर गुरुवारच्या पानावर माझ्या दोन नावांखाली पेन्सिलीनं तिसरं नाव लिहिलेलं. चिमी. पत्ता, मागची खोली. वेळ, संध्याकाळी पाच. पुढं 'कारण' असंही लिहिलं होतं, पण त्यासमोर काहीच नव्हतं.

पाचला गेलो. दार वाजवलं. तिनं चटई अंथरली होती, तांब्याभर पाणी ठेवलं होतं, आणि घराघरांत आपल्यासाठी ठेवतात तशी एक खुर्ची. मी खुर्चीवर न बसता चटईवर बसलो. सवयीनं तोंडातून निघालं, "काय, कसं चाललंय?" आणि पोर बोलायला लागली. तिची जिवाभावाची मैत्रीण जूनमध्येच दुसऱ्या शाळेत गेली. तेव्हापासून ही मधल्या सुट्टीत एकटी डबा खाते. पाच महिने झाले, आई. एकाच घरात राहतो आम्ही. दोन गल्ल्यांत कुणाच्या दारात सावकार येऊन उभा राहतो ते मला ठाऊक, आणि माझी मुलगी डबा कुणाबरोबर खाते ते ठाऊक नाही. मध्ये फोन वाजला. दुसऱ्यांदा वाजला तेव्हा माझा हात खिशाकडं गेला, आणि तिनं तो पाहिला. ती काही बोलली नाही. मी फोन बंद करून तांब्याशेजारी ठेवला.

त्या रात्री झोप आली नाही. मला ती चार अंडी आठवत राहिली.

तुम्हाला आठवतात का? १९९१ असेल, मी दहा वर्षांचा होतो. हंगामाचा सण. बाजरी, तूर, भोपळे, दोन कोंबड्या, एक करडू, असं सगळं वेदीसमोर मांडलेलं. उपासना झाल्यावर आवारात लिलाव सुरू झाला. सगळ्यात शेवटी वेशीजवळच्या त्या विधवा आजीची चार अंडी निघाली. पदराच्या फाटक्या तुकड्यात बांधून आणली होती तिनं. कुणी बोली लावेना. कुणीतरी "दोन रुपये" म्हणालं आणि माणसं हसली. आजी खाली बघत होती. बाबा, तुम्ही झग्याची बाही मागं सारलीत आणि म्हणालात, "पन्नास." सगळं आवार गप्प झालं. आजीनं मान वर केली. तिचा चेहरा मी अजून विसरलो नाही. पण ते पन्नास रुपये माझ्या बुटांचे होते, आणि खिशातून काढताना तुम्ही माझ्याकडं पाहिलं नाहीत.

मी घरी येऊन रडलो. शाळेत सगळ्यांच्या पायात काळे बूट, माझ्या पायात टाच घासलेली चप्पल. तेव्हा तू काही बोलली नाहीस, आई. बाबांनाही नाही, मलाही नाही. ती चार अंडी तू शेजारणीच्या खुडूक कोंबडीखाली नेऊन ठेवलीस. तीन पिल्लं निघाली. थोडी मोठी झाल्यावर एक तू आजीला नेऊन दिलंस, "तुझ्याच अंड्याचं आहे" म्हणून. उरलेली दोन सांभाळलीस, मुंगसापासून राखलीस, रात्री डालग्याखाली झाकलीस, आणि मे महिन्यात पाथर्डीच्या बाजारात विकलीस. कमी पडले त्यात तुझे शिवणाचे पैसे घातलेस. जूनमध्ये माझ्या पायात बूट होते.

बाबांच्या त्या पन्नास रुपयांची गोष्ट मी आजवर निदान दहा उपदेशांत ऐकली असेल. मंडळीतले लोक अजून सांगतात. आईच्या कोंबड्यांची गोष्ट कुणी सांगितल्याचं मला आठवत नाही. मीही सांगितलेली नाही, आणि आज उपदेश करणाऱ्यांत मीही आहे.

बाबा, हे तक्रार म्हणून लिहीत नाही. तुमच्याकडं नऊ खेडी होती आणि एक लुना. शेवगाव-पाथर्डीचा तो सगळा भाग, पाऊस पडला तर पडला. दसऱ्यानंतर निम्मं गाव कोयता घेऊन ऊसतोडीला जायचं, आणि तुमची मंडळीही त्यातच. रविवारी बाकांवर म्हातारी माणसं आणि पोरं. निराधार योजनेचे अर्ज तुम्ही लिहायचे, तलाठ्याकडं तुम्ही जायचं, दारू पिऊन बायकोला मारणाऱ्याच्या ओट्यावर रात्री बाराला तुम्ही बसायचं. त्यातली निम्मी माणसं आपल्या मंडळीची नव्हतीच. तुम्ही कधी विचारलं नाहीत. पगार मंडळीच्या अर्पणावर, आणि अर्पण पावसावर.

पण त्या हंगामात ऊसतोड्यांची सात पोरं आपल्या पडवीत झोपायची, ती कुणाच्या हातचं खायची? शाळा बुडू नये म्हणून त्यांना गावात ठेवून घ्यायचं, हा विचार तुमचा, आणि फार मोठा विचार. पण सात पोरांच्या दोन वेळच्या भाकरी म्हणजे रोज किती पीठ, हे फक्त आईला माहीत होतं. लुना ओढ्याच्या फरशीवरून आली की मागचं मडगार्ड खडखडायचं. तो आवाज आला की आई, तू उठून चुलीत काटूक सारायचीस आणि तवा ठेवायचीस. बाबा हातपाय धुऊन येईपर्यंत पहिली भाकरी फुगलेली असायची. मी अंथरुणातून बघायचो. किती वाजले होते हे तुम्हा दोघांपैकी कुणीच कुणाला कधी विचारलं नाही.

आणि जामखेड. रजनीकांत आणि मेबल आरोळे या डॉक्टर जोडप्यानं १९७० साली तिथं जे काम उभं केलं, त्याचं कौतुक बाबा नेहमी करायचे. खेड्यातल्या, न शिकलेल्या बायांना आरोग्याचं काम शिकवायचं, हे त्यांना फार पटलेलं. पण अडलेल्या बाळंतिणीला एसटीत बसवून जामखेडला घेऊन जायचीस तू. येताना मीठ-साखर-पाण्याचं प्रमाण शिकून आलीस, आणि त्या उन्हाळ्यात जुलाबानं आजारी पडलेल्या पोरांना ते वाटी-चमच्यानं पाजत घरोघर फिरलीस. आपल्याकडं याला सेवा म्हणतात ना? मग पाळकीण एवढंच बोलून लोक का थांबले?

आता ती गोष्ट, जी मी तुम्हाला कधी सांगितली नाही. अंड्यांनंतरचं वर्ष. बाबांनी हरवलेल्या मेंढराचा दाखला सांगितला होता. शंभरातलं एक हरवलं, तर मेंढपाळ नव्व्याण्णव रानात सोडून त्या एकाच्या मागं जातो. सगळे गहिवरले. मला राग आला. मला वाटलं, बाबा रोज त्या एकाच्या मागं जातात आणि मी नव्व्याण्णवांतला. मला कुणी शोधायला येत नाही, कारण मी हरवत नाही.

तेव्हा आपल्या मागच्या शेतात धनगरांनी मेंढरं बसवली होती. संध्याकाळी मी त्यांच्याकडं गेलो आणि म्हाताऱ्या धनगराला सरळ विचारलं, "एक मेंढरू चुकलं तर तुम्ही बाकीची सोडून जाता?" तो म्हणाला, "जातो की." मी विचारलं, "मग बाकीच्यांना लांडगा खातो?" त्यानं माझ्याकडं असं बघितलं, की हे पोर कुठून आलं. मग हातानं दाखवलं. जाळी बांधून मेंढरं आत कोंडलेली, दोन कुत्री बाहेर बसलेली, आणि तीन दगडांच्या चुलीपुढं त्याची म्हातारी, मांडीत आजारी कोकरू घेऊन. म्हणाला, "ती हाय न्हवं. ती हाय म्हणून तर मी जातो."

तेव्हा कळलं नाही. घरी आलो तर तू कंदिलाची काच पुसत होतीस.

सतरा-अठराव्या वर्षी मी ठरवलं होतं, काहीही होईन, पाळक होणार नाही. बाबांना ते लागलं होतं, मला माहीत आहे. तुम्ही एकदाही बोलून दाखवलं नाहीत. मग २००३ चा दुष्काळ आला. मी सुट्टीला घरी आलो आणि तुम्ही मला त्या शेतकऱ्याच्या गोठ्यात घेऊन गेलात, ज्याचा बैल सकाळी मेला होता. तो आपल्या मंडळीचा नाही. तुम्ही प्रार्थना केली नाहीत, वचन वाचलं नाहीत. त्याच्याशेजारी मातीत बसून राहिलात, अंधार पडेपर्यंत. येताना लुनावर मागं बसून मी तुमचा खांदा धरला होता. त्याच वर्षी मी पाळक होण्यासाठी सेमिनरीचा अर्ज भरला. तुम्ही यवतमाळला शिकलात, आणि तीच सेमिनरी १९८३ साली पुण्याला आली म्हणून मी बिबवेवाडीत शिकलो. ग्रंथालयात जुन्या पुस्तकांवर यवतमाळचे शिक्के दिसायचे. त्यातलं एखादं तुमच्या हातात होतं का, हे मी नेहमी शोधायचो.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मला तुमची खरी ओळख झाली, बाबा. अंत्यविधीला वीस माणसांची परवानगी, आणि कधी चारही यायची नाहीत. घरी बाधा जाऊ नये म्हणून मी प्रार्थनामंदिराच्या बाजूच्या खोलीत झोपायचो. चिमी सहा वर्षांची. तिची आई तिला संध्याकाळी फाटकापाशी आणायची, मी खिडकीतून हात हलवायचो. एका रात्री कबरस्तानातून आलो, तर खिडकीच्या गजाला डबा लटकवलेला, आणि भाकरी अजून गरम. त्या क्षणी मला मडगार्डचा खडखडाट ऐकू आला. आणि धनगराचं बोलणं कळलं. वीस-एकवीस दिवस माझं घर कुणी राखलं, हे मी त्या खोलीत बसून मोजलं.

म्हणून बाबांच्या निवृत्तीचा दिवस मला अजून टोचतो. २०१६. बाबांना शाल, हार, मानपत्र, अडतीस वर्षांच्या सेवेचा गौरव. तो सगळा योग्यच होता, त्याहून जास्त हवा होता. पण आईला फक्त फोटोसाठी वर बोलावलं. हार एकच होता. आई, तू बाबांच्या मागं उभी राहिलीस आणि फोटोत तुझा अर्धाच चेहरा आलाय. मी तिसऱ्या बाकावर होतो. मी उठून बोलायला हवं होतं. बोललो नाही. त्याची माफी आज मागतो. बाबा, मला वाटतं तुम्हालाही ते लक्षात आलं होतं, कारण घरी गेल्यावर तुम्ही तो हार काढून देवळीत न ठेवता आईच्या खाटेवर ठेवलात.

आपल्या नगरला राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांनी आपला संसार लिहून ठेवला, म्हणून रेव्हरंड टिळक घरातलं सगळं वाटून मोकळे व्हायचे तेव्हा चूल कशी पेटायची ते जगाला कळलं. बाकी पाळकिणींचं कुणी लिहिलं? आई, तू तर नुसता पिठाचा हिशोब लिहायचीस, कॅलेंडरच्या पाठीमागं.

आता मी एक बदल केलाय आणि तो बाबांना पटणार नाही, म्हणून स्पष्ट लिहितो. तुम्ही म्हणायचात, पाळकाचं दार कधी बंद नसावं. मी सोमवारी दुपारनंतर बंद करतो. मरण आणि दवाखाना सोडून. कमिटीत मांडलं तेव्हा एकजण म्हणाले, "तुमचे वडील असं करायचे नाहीत." मी म्हणालो, "नाही करायचे. आणि आईनं त्याची भरपाई केली." चिमीच्या आईला सकाळी साडेसातला शाळेत शिकवायला जायचं असतं. तिच्याकडून मी ती भरपाई मागू शकत नाही. पौलानं तीमथ्याला लिहिलंच आहे ना, ज्याला आपलं घर नीट चालवता येत नाही तो देवाची मंडळी कशी सांभाळणार? हे वचन दीक्षेच्या वेळी तुम्हीच माझ्यासमोर वाचलं होतंत. तुम्हाला राग आला तर फोनवर सांगा, मी ऐकून घेईन. पण दार बंदच ठेवीन.

चिमीनं पुढच्या चारही गुरुवारी आपलं नाव लिहून ठेवलंय. 'कारण' अजून मोकळंच आहे. मी खाडाखोड केलेली नाही.

आणि आता पत्राचं मुख्य काम. पुढच्या महिन्यात आमच्या मंडळीचा हंगामाचा सण आहे. महिला मंडळानं ठरवलंय की या वर्षी लिलाव आईनं सुरू करायचा. मी सुचवलं नाही. चिमीच्या आईनं त्यांना कोंबड्यांची गोष्ट सांगितली, आणि त्या बाया लगेच माझ्याकडं आल्या. तेव्हा दोघांनीही यायचं, आणि नाताळ करूनच परत जायचं. आईच्या गुडघ्याला एसटी झेपणार नाही, मी स्वतः गाडी घेऊन येतो. बाबा, तुमचा झगा आणा. वचन तुम्ही वाचायचं.

आई, तू फक्त पहिली वस्तू उचलायची आणि मोठ्यानं बोली मागायची. आवाज निघणार नाही म्हणशील, पण ओढ्याच्या पलीकडून मला हाक मारायचीस तो आवाज मला माहीत आहे. अंडी चिमी आणणार आहे. चारच.

तुमचा,
बाळू