नवोदित निवेदकांना नेमके ऐकणारे कान हवेत

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

दुकानांच्या जाहिराती, शाळा-महाविद्यालयांचे माहितीपट, ऑडिओबुक, डबिंग अशा आवाजाच्या कामांकडे नागपुरातील अनेक तरुण-तरुणी आज वळत आहेत आणि मीही त्यांच्यापैकीच एक आहे. माईक आणि रेकॉर्डिंगचे सॉफ्टवेअर आता घरबसल्या मिळते; मिळत नाही तो आपले वाचन लक्ष देऊन ऐकणारा आणि कुठे काय बिघडले हे नेमके सांगणारा माणूस. या उणिवेकडे आपल्या दैनिकाद्वारे शहरातील जाणकारांचे लक्ष वेधावे, एवढ्यासाठी हे पत्र.

स्वतःचे वाचन स्वतःच पारखावे, असा सल्ला नवोदितांना नेहमी दिला जातो. तो योग्य असला तरी अपुरा आहे. आपण बोलत असताना आपला आवाज हवेतून जसा कानावर येतो, तसाच कवटीच्या हाडांतूनही आतल्या कानापर्यंत पोहोचतो आणि त्यामुळे तो आपल्याला प्रत्यक्षापेक्षा अधिक भारदस्त वाटतो. रेकॉर्डिंग ऐकल्यावर हा भ्रम दूर होतो खरा, पण तिथे दुसरी अडचण असते: संहिता आपल्याला पाठ झालेली असते, त्यामुळे अस्पष्ट उच्चारलेला शब्दही आपले मन परस्पर पूर्ण करून घेते. ज्याच्यासमोर संहिता नाही, असा श्रोताच ही चूक पकडू शकतो. घरच्या मंडळींचे कौतुक प्रेमापोटी असते आणि ते हवेही असते. मात्र त्यातून पुढच्या टेकला काय बदलायचे, ते कळत नाही.

दुर्दैवाने, पैसे मोजूनही हे कळेलच याची खात्री नाही. शहरातील एका प्रशिक्षण वर्गात आम्हा सर्वांना अखेरच्या दिवशी मिळालेला अभिप्राय ‘आवाज चांगला आहे, सराव वाढवा’ असाच होता. सराव नेमका कशाचा वाढवायचा, हे विचारल्यावर प्रमाणपत्र पुढे करण्यात आले. शिकणाऱ्याची ही निव्वळ फसवणूक आहे, असे मला मनापासून वाटते.

याउलट, खरा अभिप्राय कसा असतो हे मला एका निवृत्त निवेदिकेकडे पाहायला मिळाले. माझी एक मैत्रीण त्यांच्यासमोर सूचना वाचत होती: ‘मुदतीनंतर आलेले अर्ज कोणत्याही कारणास्तव स्वीकारले जाणार नाहीत.’ आवाज उत्तम, उच्चार स्वच्छ. त्यांनी तिला थांबवले आणि म्हणाल्या, ‘बेटा, शेवटचा शब्द मला ऐकूच आला नाही. अर्ज स्वीकारणार आहेत की नाहीत?’ मराठीत क्रियापद आणि नकार वाक्याच्या शेवटी येतात आणि श्वास संपत आला की आवाज नेमका तिथेच पडतो, हे त्यांनी समजावून सांगितले. ‘अर्ज’ या शब्दानंतर किंचित थांबून श्वास घ्यायला लावला आणि वाक्य पुन्हा वाचून घेतले. ‘नाहीत’ खणखणीत उमटले. दोष कोणता, तो कशामुळे झाला आणि त्यावर उपाय काय, या तिन्ही गोष्टी काही मिनिटांत तिच्या हाती आल्या.

तांत्रिक बाजूचे मोजमाप यंत्रावर करता येते. उदाहरणार्थ, एसीएक्स या ऑडिओबुक तयार करून विकण्याच्या ऑनलाइन मंचाच्या निकषांनुसार शांततेतील पार्श्वध्वनी उणे ६० डेसिबलच्या खाली असावा लागतो आणि आवाजाचे सर्वोच्च टोक उणे ३ डेसिबलच्या वर जाता कामा नये. मे महिन्यात नागपुरात कूलर बंद केल्याशिवाय यातली पहिली अट पाळता येत नाही, हे इथल्या प्रत्येक होतकरू कलाकाराला ठाऊक आहे. परंतु वाचणाऱ्याला वाक्याचा अर्थ कळला आहे की नाही, हे कोणतेही मीटर दाखवत नाही. ते कानच सांगतात.

अभिप्राय मागणाऱ्यांनीही काही पथ्ये पाळली पाहिजेत. पार्श्वसंगीत आणि प्रतिध्वनी चढवलेले रेकॉर्डिंग पाठवले तर ऐकणाऱ्याला मूळ आवाज सापडत नाही. व्हॉट्सअ‍ॅपवर व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेल्या ध्वनीचा दर्जा घसरतो, म्हणून वेव्ह फाइल डॉक्युमेंट म्हणून पाठवावी; ती मिनिटभराचीच असावी आणि वाचन जाहिरातीसाठी आहे की कथेसाठी, हे सोबत लिहावे. ‘कसे वाटले?’ असे विचारले की ‘छान’ असेच उत्तर येते. ‘कुठे कंटाळा आला?’, ‘कोणता शब्द कळला नाही?’ असे विचारले तर उत्तर उपयोगाचे मिळते.

सल्ला देणाऱ्यांना मात्र एक कळकळीची विनंती आहे. आमच्या वऱ्हाडी वळणाकडे सरसकट दोष म्हणून पाहू नये. बातमी वाचताना ‘डोळा’ हा शब्द ‘डोया’ असा उच्चारला गेला तर अवश्य टोकावे. पण कथेतला शेतकरी बोलत असेल, तर तोच उच्चार त्या पात्राचा प्राण असतो. अशा वेळी तो पुसून टाकायला सांगणारा अभिप्राय कलाकाराचे नुकसान करतो.

नागपुरात जाणकारांची वाण नाही. इथले आकाशवाणी केंद्र १९४८पासून कार्यरत आहे आणि निवेदकांच्या कित्येक पिढ्या तिथे घडल्या आहेत. १९२३मध्ये स्थापन झालेला विदर्भ साहित्य संघ आणि विद्यापीठाचा जनसंवाद विभाग यांनी पुढाकार घेतला आणि निवृत्त निवेदक व रंगकर्मींना महिन्यातून एकदा नवोदितांचे वाचन ऐकण्यासाठी निमंत्रित केले, तर मोठी सोय होईल. त्यासाठी स्टुडिओची गरज नाही. एक शांत खोली आणि एक बरा स्पीकर पुरेसा आहे.

या बैठकीत दृष्टिहीन विद्यार्थ्यांना श्रोते म्हणून आवर्जून बोलवावे, असे मी आग्रहाने सुचवते. जे ऐकूनच अभ्यास करतात, त्यांना कोष्टक घाईने वाचले गेले, तळटीप मजकुरात मिसळली, परिच्छेद बदलल्याचे जाणवले नाही, हे तत्काळ कळते. त्यांच्या अभ्यासाची पुस्तके ध्वनिमुद्रित करून देणे हा नवोदितांसाठी उत्तम सराव ठरेल. दिव्यांगांसाठी अशा सुलभ प्रती तयार करण्याची तरतूद २०१२च्या दुरुस्तीने कॉपीराइट कायद्यात झालेली आहे. त्यातून विद्यार्थ्यांना पुस्तके मिळतील आणि आम्हाला, पसंत न पडलेला धडा परत पाठवण्याचा पूर्ण हक्क असलेले श्रोते मिळतील.

ज्या निवृत्त निवेदकांना महिन्याकाठी दोन तास देणे शक्य असेल, त्यांनी आपली तयारी या स्तंभातून कळवावी आणि पहिल्या बैठकीची सूचना आपण ‘शहरात आज’ सारख्या सदरात प्रसिद्ध करावी, ही विनंती. खोलीची व्यवस्था आणि नावनोंदणी आम्ही नवोदित मंडळी करू.

आपली,
एक नवोदित निवेदिका
मानेवाडा, नागपूर