साडेसात वाजता आई घरात नव्हत्या

ठाणे,
रविवार, 16 नोव्हेंबर 2025

प्रिय मंगे,

गणपतीत तुझा फोन आला तेव्हा "रात्री करते" म्हणाले होते, त्याला अडीच महिने झाले. रागावली असशील तर रास्तच आहे. आमच्या तब्येती ठीक. ह्यांची शुगर काबूत आहे, माझं पित्त आहे तसं आहे. पुढे जाते, कारण लिहायचं वेगळंच आहे आणि ते तुझ्याशिवाय कुणाला लिहू कळत नाही. फोनवर सांगायचं तर आई घरात असतात, आणि गोष्ट त्यांचीच आहे.

जूनमध्ये ओमची दहावी सुरू झाली आणि मी टीव्ही बंद केला. सेट टॉप बॉक्सचं रिचार्जच केलं नाही. रात्री जेवताना सगळ्यांसमोर सांगून टाकलं, मार्चपर्यंत या घरात टीव्ही लागणार नाही. हे म्हणाले, "आणि मॅच?" म्हटलं, मोबाइलवर बघा. ओमने खांदे उडवले. आई वरणभात कालवत होत्या, मान वर न करता म्हणाल्या, "बरं." मला वाटलं, किती समजूतदार आहेत. ऑफिसात चार जणींना कौतुकाने सांगितलंही. त्या घरात सर्वांत जास्त टीव्ही बघणारं माणूस आई होत्या आणि त्यांना मी विचारलं नव्हतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

मालिकांबद्दल माझं मत तुला ठाऊक आहे. अण्णांच्या घरात वाढले ना मी. तेच ते रडगाणं, तेच विषाचे पेले, तीच दागिने घालून झोपणारी सून. रोज साडेसातला आई खुर्ची पुढे ओढून बसल्या की मी भांड्यांचा आवाज जरा जास्तच करायचे. मंगे, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. मुद्दाम करायचे मी तो आवाज.

तर त्रिपुरी पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी, गुरुवारी, ऑफिसचा ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणून आम्हाला लवकर सोडलं. एरवी वागळे इस्टेटहून घरी पोचायला मला आठ वाजतात, त्या दिवशी साडेसातच्या आत आले. दाराला कुलूप. ओम क्लासला, हे अजून ट्रेनमध्ये. आईंचा मोबाइल आत चार्जिंगला, बाहेरून ऐकू येत होता. एक्याऐंशी वर्षांचं माणूस, मोतीबिंदूचं ऑपरेशन एकाच डोळ्याचं झालेलं, अंधार पडलेला. पाय लटपटले माझे. देवळात त्या सकाळी जातात. शेजारी विचारलं, नाही. खाली धावले तर वॉचमनने न बोलता हनुवटीने गेटकडे खूण केली.

गेटबाहेर भिंतीला लागून इस्त्रीवाल्याची टपरी आहे. रामसूरत नाव त्याचं, जौनपूरकडचा. तिथे दिव्याखाली, प्लॅस्टिकच्या स्टुलावर, पाठीशी चादरींच्या गाठोड्याचा टेकू घेऊन आई बसल्या होत्या. समोर कपड्यांच्या चळतीला मोबाइल टेकवलेला. तो घसरू नये म्हणून खाली कुणाच्या तरी शर्टाच्या कॉलरचा पुठ्ठा दुमडून लावलेला. मांडीवर स्टीलचा डबा, आमचाच, झाकणावर सासऱ्यांचं नाव कोरलेला. दिवाळीचा चिवडा मला कमी कमी वाटत होता, तो असा जात होता. रामसूरत एका हाताने इस्त्री फिरवत होता, आणि जाहिरात लागली की आई त्याला सांगत होत्या, "ही जी आता आली ना, ती त्याची पहिली बायको. मेली म्हणाले होते, पण नाही मेली." तो म्हणाला, "हमको तो पहले दिन से शक था, माँजी." आणि आई हसल्या. मंगे, इतक्या मोठ्याने हसल्या की मी थबकले. आमच्या घरात मी त्यांना असं हसताना कधी ऐकलंय, आठवेना.

मग त्यांनी मला पाहिलं. चटकन उठल्या, डबा पदराआड घेतला आणि म्हणाल्या, "दूध आणायला आले होते ग जरा." हातात रिकामी पिशवी होती. म्हणजे ती रोज घेऊन निघायच्या.

आता तुला कळलं असेल पत्र तुलाच का.

1990, आपली दहावी. वंदना टॉकीजला मॅटिनी, अप्पर स्टॉल, तुझ्या मामाने दिलेले पैसे. घरी काय सांगितलं होतं आपण? ग्रंथसंग्रहालयात पुस्तक बदलायला जातो. आणि खरंच बदललं होतं, पुरावा हवा म्हणून. 1893 सालची ती संस्था, अण्णा तिचं नाव घेताना आवाज खाली आणायचे, आणि आपण तिला सिनेमाच्या कामाला लावली! तू इंटर्व्हलआधीच इतकी रडायला लागलीस की डोअरकीपर बॅटरी घेऊन आला, "काय झालं पोरी, कुणी त्रास देतंय का?" त्या सिनेमाचा उत्तरार्ध मला आज विचारशील तर सांगता येणार नाही. समोसा आठवतो. गोखले रोडवरून पळत सुटलो ते आठवतं, तुझी चप्पल तुटलेली, आणि तू एक पाय अनवाणी ठेवून नौपाड्यापर्यंत आलीस.

आणि ते तिकीट. पस्तीस वर्षं भांडतोय आपण. पुस्तकात अर्धं तिकीट सापडलं, अण्णांनी ते टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता आत गेले. मी तुला म्हणाले, खुणेला तूच ठेवलंस. तू शपथेवर नाही म्हणालीस. तुझ्या लग्नातसुद्धा मी तो विषय काढला होता. मंगे, ते मी ठेवलं होतं. टाकून द्यायला जीव होईना. इतका आनंद झाला होता त्या दिवशी की काहीतरी जवळ राहावं असं वाटलं. अण्णांसमोर घाबरून तुझ्यावर ढकललं आणि मग मागे घेता आलं नाही. आईंच्या हातातली ती रिकामी पिशवी बघितली तेव्हा मला पहिल्यांदा ते तिकीट दिसलं. मला माफ कर.

त्या रात्री ह्यांना सांगितलं. मला वाटलं, हसतील. ते बराच वेळ गप्प बसले आणि मग त्यांनी मला खारकर आळीच्या चाळीतलं सांगितलं, जे लग्नाला एवढी वर्षं झाली तरी मी ऐकलं नव्हतं. चाळीत एकाच घरी टीव्ही होता, लाकडी शटरचा. शनिवारी मराठी सिनेमा, रविवारी हिंदी, माणशी चार आणे. आई ह्यांना घेऊन जायच्या, दाराबाहेर चपला काढून उंबऱ्यापाशी बसायच्या, कारण पुढची जागा घरच्यांची. त्या घरच्या बाईंकडे पाहुणे आले की सिनेमा मधेच बंद, शटर ओढलं, चला उठा. पैसे परत नाहीत. आई पोराचा हात धरून घरी यायच्या आणि पुढची गोष्ट स्वतः रचून सांगायच्या. मग भिशी लागली तेव्हा त्यांनी पहिली वस्तू आणली ती छोटा ब्लॅक अँड व्हाइट टीव्ही. 1987 च्या जानेवारीत रविवारी सकाळी रामायण सुरू झालं, तेव्हा त्या दहा बाय बाराच्या खोलीत अख्खी चाळ मावायची. आईंनी कधी चार आणे घेतले नाहीत आणि कुणाला उठवलं नाही. सासरे गच्चीवर अँटेना फिरवायचे आणि हे खिडकीतून ओरडायचे, "आलं, आलं, गेलं!"

आणि एक्याऐंशीव्या वर्षी मी त्यांना परत दुसऱ्याच्या दारात बसवलं. मला त्या रात्री झोप लागली नाही.

अजून एक सांगते, हे जास्त लागलंय. ओमला माहीत होतं. दोन महिन्यांपासून. क्लासला जाताना तोच आजीला लिफ्टने खाली आणायचा, रस्त्याच्या कडेने टपरीपर्यंत सोडायचा. म्हटलं, मला का नाही सांगितलंस? म्हणाला, "सांगून काय झालं असतं? तू ते पण बंद केलं असतंस." रागाने नाही बोलला, नेहमीच्या आवाजात बोलला. आणि त्याच्या अभ्यासाचं म्हणशील तर इअरफोन लावून बारा-बारापर्यंत मोबाइलवर काय काय बघत असतो, ते मला दिसत नव्हतं असं नाही. मोबाइल काढून घेण्याची हिंमत नव्हती, म्हणून टीव्ही बंद केला. तो कुणाचा होता याचा विचार केला नाही.

सोमवारी रिचार्ज केलं. साडेसातला स्वतः लावून दिला, खुर्ची पुढे ओढली. आई म्हणाल्या, "नको ग, त्याचं वर्ष आहे." मी म्हटलं, आवाज कमी ठेवू. बसल्या. हात मांडीवर ठेवून, पाहुण्यांच्या घरी बसावं तशा बसल्या. जाहिरात लागली की आपसूक उजवीकडे वळायच्या, तिथे कुणी नाही. मी जाऊन बसले एकदा, विचारलं, ही कोण? त्यांनी सांगितलं, पण परीक्षेत उत्तर द्यावं तसं. मला आवडत नाही हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, इतक्या वर्षांच्या भांड्यांच्या आवाजाने सांगितलंय ते. तिसऱ्या दिवशी हळूच म्हणाल्या, "मी थोडा वेळ खाली जाऊ का? त्याला दोन दिवसांचं सांगायचं राहिलंय."

मधे मी म्हटलं, आपण गडकरीला नाटकाला जाऊ. दुरुस्तीसाठी बंद होतं ते ऑगस्टमध्ये उघडलंय, छान झालंय म्हणतात, पुढच्या रांगेची तिकिटं काढते. 1978 ला रंगायतन नवीन झालं तेव्हा सासऱ्यांनी त्यांना बाल्कनीत नेलं होतं, हे त्या किती वेळा सांगतात. खूश झाल्या. "जाऊ की. तिसरी घंटा झाली ना की मला अजून पोटात कसंतरी होतं." मग थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण शैला, नाटक वर्षातून दोनदा. साडेसात रोज वाजतात."

मी काय बोलणार यावर? दिवसभर त्या घरात एकट्या. पेपर येतो तो दुपारपर्यंत वाचून होतो, शब्दकोडं सोडवून होतं, एका डोळ्याने पुस्तक फार वेळ वाचता येत नाही. तलावपाळीला चक्कर मारायला त्यांना कुणीतरी सोबत लागतं, आणि आम्ही सगळे कामात. त्यात एक अर्धा तास त्यांचा स्वतःचा. त्याला पैसे पडत नाहीत, कुणाला त्रास नाही. आणि तोही आम्हीच ठरवायचा का, चांगला की वाईट ते? आपण दोघी त्या दिवशी कुठलं थोर कलाकृतीचं दर्शन घ्यायला गेलो होतो?

आता काळजी अशी की त्यांना रोज खाली पाठवू की नको. गेटबाहेर रिक्षा अंगावर येतात, फूटपाथ उखडलेला आहे, पडल्या तर? ह्यांचं म्हणणं, रामसूरतलाच वर बोलावू. तो कसा येणार धंदा सोडून, साडेसात-आठला तर लोक कपडे न्यायला येतात. मी त्याला विचारायला गेले तर तोच घाबरला, हात जोडायला लागला, त्याला वाटलं मी भांडायला आले. म्हणाला, गावी त्याची आई आहे, ती मोबाइलवर काहीच बघत नाही, तिला मराठी माँजींची स्टोरी तो फोन करून सांगतो. म्हणजे बघ, आमच्या आईंची मालिका जौनपूरला पोचलीये!

आणि मी कुठे बसू, हे कळत नाही. आता एकदम शेजारी जाऊन बसले तर त्यांना वाटेल पाळत ठेवते. तू असतीस तर दोन मिनिटांत त्यांच्याशी बोलून मोकळी झाली असतीस, तुला ते जमतं. आपलं भांडण झालं की तू माझ्याकडे न येता थेट माझ्या आईकडे जाऊन पोहे मागायचीस, तसं.

तुझं कसं आहे? गुडघ्याचं मिरजेतल्या डॉक्टरांना दाखवलंस का? दाखव, टाळू नकोस. सोनलचे दिवस भरत आले असतील, कळव लगेच, झबली शिवून ठेवलीत आईंनी. भाऊजींनी दुकान भाड्याने दिलं का? डिसेंबरात येणार म्हणाली होतीस ते पक्कं कर. गडकरीची तिकिटं तुझंही धरून काढते.

आज रविवार, एक तासाचा महाएपिसोड आहे. पहिली बायको आज घरी परत येणार म्हणे. मघाशी आईंना विचारलं, मी आले तर चालेल का? त्यांनी माझ्याकडे जरा निरखून बघितलं आणि म्हणाल्या, "ये. पण मधे बोलू नकोस हं, तो वैतागतो." सव्वासात झालेत. त्या दाराशी डबा घेऊन उभ्या आहेत. रामसूरतकडे एकच स्टूल आहे म्हणून बाथरूममधलं लाल स्टूल पुसून घेतलंय. पाकीट उद्या टाकते.

तुझी,
शैला